दहा हजारांचे काम शंभरात

दिवाळीला आष्टीच्या घरात आजीचा मोबाइल मराठीत, ठळक अक्षरांत असतो. नातवाचा इंग्रजीत, बारीक अक्षरांत. दोन्ही सारखेच नीट चालावेत, म्हणून किती मांडण्या तपासायच्या? चार बाबी आणि प्रत्येकीचे दहा पर्याय धरले, तरी त्या 10,000 होतात! इतक्या तपासायला सवड कोणाला?

ह्याचे उत्तर एका जुन्या गणिती कोड्यात आहे. अक्षरे व अंक चौकटीत असे मांडायचे की, दर ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे आणि अक्षर-अंकाची प्रत्येक जोडीही एकदाच जुळावी. 6, 10, 14 अशा चौकटींत हे अशक्य, असे ऑयलरने 1782 मध्ये अनुमान केले. सहाबद्दल ते खरे ठरले. परंतु 1959 साली राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे ह्यांनी दहापासून पुढे ते साफ खोटे ठरवले! हेच श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

आता ओळ, स्तंभ, अक्षर, अंक ह्यांना मोबाइलच्या चार बाबी समजा. दहाच्या चौकटीची 100 घरे म्हणजे 100 चाचण्या; त्यांत कोणत्याही दोन बाबींची प्रत्येक जोडी तपासली जाते. तीन बाबी एकत्र येऊन होणारा बिघाड मात्र निसटू शकतो. पण पुष्कळ बिघाड दोघांच्याच भांडणातून उद्भवतात. आणि ती भांडणे आजीच्या हाती मोबाइल येण्यापूर्वीच सापडतात, हे काय थोडे झाले?