चामुंडीचा उतार आणि चाकामागचा पत्रा

म्हैसूर शहरातून चामुंडी टेकडीवर जाणारा रस्ता सुमारे तीनशे मीटर चढतो. चढताना मोटारीच्या इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. आणि मोटार जितकी जुनी, तितकी ही दुसरी परीक्षा कठीण. जुन्या मोटारीचा मालक रंगावर, आसनांवर हौसेने खर्च करतो. ब्रेकला धूळ-चिखलापासून जपणारा चाकामागचा पातळ पत्रा मात्र गंजून वाजू लागला, म्हणजेच त्याला आठवतो. या उपेक्षित पत्र्यालाही इतिहास आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली चकती-ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावयाची, ही त्याची कल्पना. कल्पना उत्तम होती, पण रस्ते कच्चे होते. धुळीने तांब्याचे अस्तर झपाट्याने झिजे आणि ब्रेक कर्कश आवाज करी. पुढे सुमारे अर्धे शतक ड्रम-ब्रेकचे राज्य राहिले. त्याची यंत्रणा बंद डब्यात असे व मागची पोलादी थाळी धूळ अडवीत असे. परंतु जो डबा धूळ आत येऊ देत नाही, तो उष्णताही सहजी बाहेर जाऊ देत नाही. लांब उतारावर ड्रम तापे आणि ब्रेकची पकड मंदावे. १९५३ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे चकती-ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, आणि उघड्या चकतीला पुन्हा मान मिळाला. उष्णतेला वाट मिळाली, तशी चिखलालाही मिळाली. ती वाट आतल्या बाजूने अडविण्याचे काम या पत्र्याकडे आले.

पाणी आणि उष्णता यांचा आळीपाळीने मारा सोसून पत्र्याच्या कडा गंजतात, वाकतात आणि चकतीला घासतात. पुष्कळदा तो उपटून टाकला जातो. आवाज थांबतो, पण चकतीची आतली बाजू उघडी पडते. नवा पत्रा स्वस्त असतो. त्याच्यापर्यंत पोचणे महाग पडते. चाक, कॅलिपर, चकती आणि कित्येक मोटारींत हब व बेअरिंगही उतरवावे लागते. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून तेथली धूळ हवेने न उडविता ओल्या फडक्यानेच पुसावयास हवी.

मोटार फारच जुनी असेल, तर पत्रा बाजारात मिळतही नाही. बनविणाऱ्याच्या पश्चात यंत्र कसे चालवावे, हा प्रश्न म्हैसूरला परिचित आहे. यादवगिरीतील आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून मोटारसायकली बनविल्या. १९९६ साली तो बंद पडला. तरी त्या जावा आणि येझदी आजही रस्त्यावर दिसतात, कारण त्यांचे सुटे भाग सांभाळणारे आणि घडविणारे हात उरले. पत्र्याचेही तसेच आहे. जुन्या पत्र्यावरून भोकांच्या खुणांसह नमुना उतरविला, तर कुशल पत्रेकामगार तसाच दुसरा घडवू शकतो. म्हणून गंजका पत्रा भंगारात जाण्यापूर्वी त्याचा नमुना कागदावर उतरावा. पत्रा गेला तर एकाच मोटारीचे नुकसान होते. नमुना हरवला, तर तशा साऱ्याच मोटारींचे होते.