सल्ला आणि संमती

पर्यावरणाचे धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शास्त्रज्ञ येतात, समित्या येतात, दिल्लीतली मंत्रालये येतात. ज्यांच्या पायाखालची जमीन त्या धोरणाने हलते, ती माणसे येत नाहीत. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. कॉलेजची पायरी चढणारा माझ्या घरातला मी पहिला. समोरच्या बाकांवरची पुष्कळ मुलेही तशीच. त्यांना शिकवताना एक प्रश्न मला सतत छळतो : राज्यघटनेने आदिवासींना सल्लागार परिषद दिली असताना त्यांच्या जंगलाचा आणि नदीचा निर्णय त्यांना टाळून होतो कसा?

१९३६ साली ब्रिटिश सरकारने पश्चिम खानदेशातील अक्राणी महाल, नवापूर पेटा आणि मेवाशी संस्थानिकांची गावे ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ ठरवली. १९५० नंतर हाच मुलूख पाचव्या अनुसूचीतला अनुसूचित प्रदेश झाला. या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषदेची तरतूद आहे. सदस्य जास्तीत जास्त वीस. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश विधानसभेतील आदिवासी प्रतिनिधी.

परंतु १९४८ च्या मसुद्यातली परिषद आणि प्रत्यक्षात आलेली परिषद यांत मोठे अंतर आहे. मसुद्यात अनुसूचित प्रदेशाच्या कारभाराविषयी सर्व बाबतींत सल्ला देणे हे परिषदेचे कर्तव्य होते. एखादा कायदा या प्रदेशाला लागू नको, असे तिने म्हटले तर त्या सल्ल्याला वजन होते. ५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे सुधारित अनुसूची आली. आता राज्यपाल जो विषय सोपवतील त्यावरच परिषदेने बोलायचे. जयपाल सिंग यांनी तिथेच हरकत घेतली : परिषदेतली शक्तीच काढून घेतली जात आहे. ही सुधारणा मांडणारे मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. हे सांगताना आपण अडखळण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनीच आपल्याला चिकित्सा शिकवली. ती त्यांच्या मांडणीलाही लावणे हा त्यांच्याच शिकवणुकीचा भाग आहे.

प्रश्न विचारला तरच तोंड उघडायचे, ही अट ज्या परिषदेवर आहे तिला प्रश्न न विचारणे पुरेसे असते. महाराष्ट्रात तर मुख्यमंत्रीच या परिषदेचे अध्यक्ष असतात. सल्ला ज्या सरकारला द्यायचा त्याचाच प्रमुख सल्लागारांच्या खुर्चीत!

याचे परिणाम नर्मदाकाठी दिसले. सरदार सरोवराला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जून १९८७ मध्ये सशर्त मंजुरी दिली, तेव्हा आवश्यक अभ्यास पुरे झाले नव्हते. ते बांधकामाबरोबर करावेत, असे ठरले. वनजमिनीच्या मंजुरीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्यात वेगळी सल्लागार समिती होती. या दोन्ही वाटांवर जनजाती सल्लागार परिषदेला विचारण्याचे कायद्याचे बंधन कुठेच नव्हते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे पूर्णतः वा अंशतः बुडितात आली. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा सरकारी कागदावर अतिक्रमक होता. पुढे १९९० मध्ये पुनर्वसनासाठी तळोद्याचे २,७०० हेक्टर जंगल मोकळे केले गेले. त्या जंगलातही आधीपासून आदिवासी शेती करीत होते. एका आदिवासीला वसवण्यासाठी दुसऱ्याच्या शेतावर मोजणीची साखळी पडली. दोघांनाही आधी कोणी विचारले होते?

म्हणून मला १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचे वाटतात. पेसामध्ये भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय आहे. म्हणजे पुन्हा सल्लाच. वनहक्क कायद्याने मात्र जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. त्याच्या आधारे ऑगस्ट २००९ मध्ये केंद्राने परिपत्रक काढले : वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्या डोंगरावर खाण झाली नाही. सल्ला आणि संमती यांतला फरक याहून स्पष्ट कसा करावा?

हा फरक सत्तेलाही कळतो. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी, केंद्राने अंतिम मंजुरी देण्याआधी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची अट काढली आणि ते काम राज्यांवर ढकलले. जंगल आधी हिशेबात जाणार, माणसांचे हक्क मागाहून. १९८७ साली अभ्यासांच्या बाबतीत झाले तेच.

आपल्या चळवळीने प्रतिनिधित्वासाठी मोठा लढा दिला आणि तो योग्यच होता. पण परिषदेतली खुर्ची म्हणजे सत्ता नव्हे. विषय कोण ठरवतो, नकाराला किंमत आहे की नाही, हे दोन प्रश्न प्रत्येक समितीला विचारले पाहिजेत. ज्या जिल्ह्यात सुमारे सत्तर टक्के लोक आदिवासी आहेत तिथे ते विचारण्याची जागा ग्रामसभा आहे. आपल्या शिकलेल्या मुलांनी तिथे बसावे, ठरावाचा मसुदा स्वतः लिहावा आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नये.