ठांसणीचा डट्टा

युद्धांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार तोफांचीं नांवें सांगतात, तटांची उंची देतात, लढाईंत किती माणूस पडलें याचा हिशेबही मांडतात. परंतु बंदुकीच्या नळींत दारू आणि छरे यांच्या मध्यें जो एक चिंधीचा, काथ्याचा किंवा नमद्याचा तुकडा बसतो, त्याची दखल सहसा कोणी घेत नाहीं. त्या तुकड्यास डट्टा म्हणतात. तो छऱ्यांच्या पाठोपाठ बाहेर पडतो, थोड्या अंतरावर गवतांत जाऊन विझतो, आणि मग त्याला कोणी शोधीतही नाहीं. पेण आणि रोहें या दोन तालुक्यांत डोंगराच्या कडेला ज्यांची शेती होती, त्यांस मात्र या क्षुद्र वस्तूचा विसर पडणें परवडण्यासारखें नव्हतें.

या प्रदेशाचें स्वरूप वाचकांस ठाऊक असेलच. एका अंगास खाडी, खारपाटांतली भातजमीन आणि मिठागरें; दुसऱ्या अंगास सह्याद्रीचे फांटे आणि त्यांतून वाहणाऱ्या अंबा व कुंडलिका. पूर्वीं यास कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ पासून रायगड हें नांव चालू झालें. भात पोटरीस आलें म्हणजे रानडुकरें खालीं उतरतात, आणि एक कळप एका रात्रींत जितकें खातो त्याच्या कितीतरी पट तुडवितो. शेतकरी माळ्यावर बसून डबे वाजवी, हाकारे घाली, शेकोटी पेटवी. ज्याच्याजवळ बंदूक असे त्याची बंदूक ठांसणीची, म्हणजे तोंडाकडून भरावयाची. एक बार उडाला कीं पुन्हां दारू ओतावयाची, डट्टा घालून गजानें ठांसावयाचा, छरे सोडावयाचे, त्यांवर दुसरा डट्टा, पुन्हां गज, मग कानावर टोपी. हें सारें अंधारांत. तोंपर्यंत कळप शेजारच्या शेतांतून रानांत गेलेला असावयाचा. पहिला बार फुकट गेला तर दुसऱ्याची संधि नाहीं, आणि पहिला बार कसा लागेल हें बऱ्याच अंशीं डट्ट्यावर अवलंबून.

या बंदुकीची वंशावळ थोडक्यांत सांगतां येईल. पेणच्या पूर्वेस अंबा नदीच्या खोऱ्यांत उंबरखिंड आहे. तेथें १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाच्या फौजेस कोंडलें. त्या काळची बंदूक तोडेदार होती. पेटता तोडा कानावर टेकला म्हणजे बार उडे. पुढें चकमकीची आली. १८०७ सालीं अलेक्झांडर फोर्सिथ नांवाच्या एका स्कॉच धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करण्याची सनद घेतली. चकमकीची ठिणगी दिसतांच पांखरें सावध होतात, ही त्या शिकारीच्या नादिष्ट गृहस्थाची तक्रार होती. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. म्हणजे तीन पिढ्यांत बंदुकीचा कान बदलला. तोंड मात्र तेंच राहिलें, आणि तोंडांतून ठांसावयाचा डट्टाही तोच राहिला.

आतां त्याचें काम काय तें पाहूं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचें मिश्रण. यूरोपांतील रूढ प्रमाण शंभरांत अनुक्रमें ७५, १५ आणि १०. सोऱ्याबद्दल बिहार प्रसिद्ध होता. कोळशासाठीं मात्र पेणच्या माणसास दूर जावयास नको, कारण कोळसा पाडणें हा येथील कातकऱ्यांचा धंदाच होता. ही दारू जळाली म्हणजे ती सर्व वायुरूप होते अशी पुष्कळांची समजूत असते. नोबल आणि एबल या दोन शास्त्रज्ञांनीं १८७५ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत असें दिसून आलें कीं वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपच राहतो. त्यांतला कांहीं धुरावाटे जातो, उरलेला नळीच्या आंतल्या बाजूस काजळीसारखा चिकटून बसतो. यास्तव काळ्या दारूच्या डट्ट्यास एकाच वेळीं दोन कामें करावीं लागतात. वायूला पुढें निसटूं द्यावयाचें नाहीं हें एक, आणि मागल्या बाराची काजळी पुसून किंवा मऊ करून न्यावयाची हें दुसरें.

डट्टा सैल असला तर तप्त वायु त्याच्या कडेनें छऱ्यांत शिरतो. शिसें मऊ, तें वितळून छरे एकमेकांस चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. मग कांहीं गोळे भलतीकडे जातात, बाकीचे छरे विरळ होतात, आणि डुकराला लागलेंच तर दोनचार दाणे लागून तें जखमी होऊन रानांत शिरतें. जखमी डुकराच्या मागें सकाळीं जाणाऱ्या माणसाची जी अवस्था होते ती सांगण्याची जरूरी नाहीं. उलट डट्टा फार जड आणि कठीण असला, तर नळीच्या तोंडाशीं तो मागून छऱ्यांच्या झुबक्यावर आदळतो. छरे चोहोंकडे पांगून मध्यें भोंक पडतें. तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर. डट्टा दारूवर टेकला नाहीं, मध्यें पोकळी राहिली, तर बार नळीच फोडतो. म्हणून जाणता माणूस गजावर खूण करून ठेवी. खूण नळीच्या तोंडाशीं आली म्हणजे डट्टा बसला असें समजावयाचें. तीच खूण दुसऱ्याही प्रसंगीं उपयोगीं पडे. बंदूक भरलेली आहे कीं रिकामी हें विसरून दुहेरी बार भरणाऱ्याचा हात वांचविण्यास तिच्यासारखा उपाय नव्हता.

डट्ट्यास लागणारें साहित्य घरींच असे. नारळाच्या सोडणाचा काथ्या, जुनें गोणपाट, धोतराची चिंधी, रद्दी कागद. यांत काथ्या आम्हांस सर्वांत शहाणपणाची निवड वाटते; तो दाबला म्हणजे दबतो आणि सोडला म्हणजे फुगतो, त्यामुळें नळीची गोलाई आपोआप भरून काढतो. चिंधी व कागद हे पेटत बाहेर पडतात. पावसाळ्यांत त्याचें कांहीं नाहीं, परंतु कार्तिकानंतर डोंगराचें गवत वाळलें म्हणजे धुमसत पडलेला एक डट्टा उभ्या कुरणाचा नाश करूं शकतो. कागदी डट्ट्यानें तर एका खुन्यास फांसावरही चढविलें आहे. १७८४ सालीं इंग्लंडांत लँकेस्टर येथें जॉन टॉम्स नांवाच्या इसमावर खटला झाला. मृताच्या जखमेंतून निघालेला कागदाचा डट्टा टॉम्सच्या खिशांत सांपडलेल्या फाटक्या कागदाशीं जुळला, आणि गुन्हा शाबीत झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मागून भरण्याची बंदूक आणि तिच्यासाठीं कागदी पुंगळीचें काडतूस रूढ झालें. (काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पिस्तूलही त्यांच्याकडूनच.) तेव्हांपासून डट्टा ही निवडण्याची वस्तु झाली. बारा बोराच्या काडतुसाची जुनी इंग्रजी रीत अशी: तीन ड्रॅम दारू, तिच्यावर कडक पुठ्ठ्याची चकती, त्यावर चरबी लावलेल्या नमद्याचा अर्धा इंच जाडीचा डट्टा, पुन्हां पातळ पुठ्ठा, मग सव्वा औंसाहून किंचित् कमी छरे, आणि शेवटीं एक पातळ चकती घालून पुंगळीचा कांठ आंत वळवावयाचा. यांत एकही थर निष्कारण नाहीं. पहिली चकती वायु अडविते, आणि वरच्या नमद्याची चरबी दारूंत उतरूं देत नाहीं. नमदा छऱ्यांस बसणारा धक्का सौम्य करतो, आणि जातां जातां काजळीस वंगण देतो. सर्वांत वरची चकती मुद्दाम पातळ, कारण ती जाड असली तर छऱ्यांच्या वाटेंत येते. बार कसा बसतो हें पाहण्याचीही रीत ठरली: चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून, तीस इंच व्यासाच्या वर्तुळांत किती छरे पडले तें मोजावयाचें. डोळ्यांनीं दिसणाऱ्या या आंकड्यांपुढें डट्ट्याविषयींच्या पुष्कळ थोरल्या गप्पा टिकल्या नाहींत.

कोंकणच्या पावसाळ्यांत कागदी पुंगळ्या दमट होऊन फुगतात आणि नळींत अडकतात. त्यावर पितळी पुंगळी हा उपाय. ती धुऊन पुष्कळदां भरतां येते. पण तेथें एक मेख आहे. पितळेचा पत्रा पातळ, म्हणून आंतली जागा अधिक रुंद. बाराचा डट्टा त्यांत सैल पडतो. बारा बोराच्या पितळी पुंगळीस अकराचा, कधीं दहाचाही डट्टा घालावा लागतो. हें ज्यास माहीत नसे तो नव्या, महाग बंदुकीनेंही ठांसणीवाल्याहून वाईट बार मारी.

चरबीचा विषय निघाला म्हणजे १८५७ आठवणें अपरिहार्य आहे. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसास लावलेलें वंगण गाईचें कीं डुकराचें, हा प्रश्न शिपायांनीं विचारला, आणि सरकारनें त्याच वर्षाच्या आरंभीं शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण लावावें अशी मुभा दिली. पण विश्वास उडाल्यावर मुभेचा उपयोग काय? वास्तविक मेण आणि तेल यांच्या मिश्रणानेंही काम होतें. यंत्रविद्येच्या दृष्टीनें ती चरबी अटळ नव्हती.

खरा प्रश्न पुढेंच आहे. १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला, आणि युरोपियनांस नियमांनीं त्यांतून सूट मिळाली. पुढच्याच वर्षीं, पनवेलहून पेणकडे जातांना वाटेवर लागणाऱ्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. मे १८७९ मध्यें त्यांचा साथीदार दौलतराव नाईक यानें कोंकणांत उतरून पळस्पें व चिखली येथें दरोडे घातले. अशा दिवसांत अधिकाऱ्यांचा हात परवान्याच्या बाबतींत सैल राहणें शक्य नव्हतें. याचा परिणाम इतिहासकारांनीं राजकीय अंगानेंच पाहिला आहे. आमच्या मतें शेतीच्या अंगानेंही तो पाहिला पाहिजे. इंग्लंडांत १८७५ च्या सुमारास तोंडाशीं निमुळती नळी, मागून भरणी, नमद्याचे मापी डट्टे इतकी मजल गेली होती. साहेब ती बंदूक घेऊन कोंकणांत चित्ते आणि पांखरें मारीत होता. आणि ज्याच्या ताटांतलें भात डुकरें खात होतीं तो काथ्याचा बोळा गजानें ठांसीत होता. शास्त्रानें एक शतक ओलांडलें, शेतकऱ्यास कायद्यानें अलीकडच्या तीरावर उभें केलें.

काँग्रेसनें १८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. जानेवारी १९३० अखेर गांधीजींनीं व्हाइसरॉयपुढें अकरा मागण्या मांडल्या. त्यांत मिठावरील कर रद्द करावा ही मागणी सर्वांस आठवते. आत्मरक्षणासाठीं बंदुकीचे परवाने द्यावेत, ही त्याच यादींतली दुसरी मागणी. पेणच्या माणसास दोन्ही सारख्याच जिव्हाळ्याच्या. एक मिठागरांतली, दुसरी डोंगरकडेची.

रोह्याच्या पश्चिमेस, मुरुडच्या बाजूनें पसरलेलें फणसाडचें रान हें जंजिऱ्याच्या नबाबाचें राखीव शिकारीचें जंगल होतें. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आली, आणि १९८६ सालीं फणसाड अभयारण्य झालें. ज्या बंदुकांसाठीं विलायती डट्टे येत त्यांचें काम तेथें संपलें. १९६० नंतर नवीन काडतुसांत प्लास्टिकचा एकजीव डट्टा आला. पण काळ्या दारूशीं त्याचें जमत नाहीं, उष्णतेनें तो वितळून नळीस चिकटतो, आणि काळी दारू वापरणाऱ्यास पुन्हां पुठ्ठा आणि नमदा यांकडेच वळावें लागतें.

ठांसणीची बंदूक मात्र कायद्याच्या भाषेंतून गेली नाहीं. जुना कायदा रद्द करून स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा हत्यार कायदा केला, त्याच्या तेराव्या कलमांत परवाना कोणास द्यावा हें सांगतांना, पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं लागणाऱ्या तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केलेला आहे.