महिला सायकल संघ, व्यावसायिक (रस्ता शर्यती)
रस्त्यावरील शर्यतींत वर्षभर उतरणारे, पुरस्कर्त्यांच्या पैशावर चालणारे नोंदणीकृत संघ. त्यांची वर्गवारी स्वित्झर्लंडमधील एगल येथील आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ (यूसीआय) ठरवतो. 2019 अखेरपर्यंत सर्व संघ एकाच वर्गात मोडत. पगारी खेळाडूंचा संघ आणि नोकरी सांभाळून सराव करणाऱ्यांचा संघ कागदोपत्री सारखाच. 2020 मध्ये ‘विमेन्स वर्ल्डटीम’ आणि ‘कॉन्टिनेंटल’ असे दोन स्तर झाले. वरच्या स्तरावर पहिल्या वर्षी आठच संघ होते. गंमत म्हणजे त्या काळचा सर्वांत बलाढ्य डच संघ बोल्स-डोलमान्स त्यांत नव्हता. तो 2021 मध्ये एसडी वर्क्स या नव्या नावाने वर आला. पुरस्कर्ता बदलला की नाव बदलते, त्यामुळे या संघांचा इतिहास नावावरून शोधू नये.

वरच्या स्तराचे खरे महत्त्व करारात आहे. किमान वार्षिक वेतन 2020 मध्ये 15,000 युरो होते, ते 2022 मध्ये 27,500 युरो झाले. शिवाय पगारी प्रसूती रजा बंधनकारक ठरली. कॉन्टिनेंटल संघांना महासंघाची अशी वेतनाची अट नाही, म्हणून तेथे तफावत मोठी. 2025 पासून या दोहोंमध्ये ‘प्रोटीम’ हा तिसरा स्तर आला. वर्ल्डटीम संघांना ‘विमेन्स वर्ल्डटूर’ या 2016 मध्ये सुरू झालेल्या शर्यतमालिकेत प्रवेशाचा हक्क असतो. इतरांना बहुधा निमंत्रणाची वाट पाहावी लागते.