मोळीतले लाकूड आणि इतिहासातली तारीख

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या माळावर सरपण वेचणाऱ्या बाईला वनस्पतिशास्त्र कोणी शिकवलेले नसते. तरी तिची निवड पाहण्यासारखी असते. वाळलेली बाभूळ, हिवर ती उचलते. पांगाऱ्याची मोठी फांदी पडलेली दिसली तरी पुढे जाते. फांदी हातात तोलते, मोडून पाहते. कडकन मोडली तर मोळीत, नुसती वाकली तर ती अजून ओली.

या निवडीमागे विज्ञान आहे. पूर्ण कोरडे असेल तर कोणतेही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देते, सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी. फरक असतो तो घनतेत. कोरड्या बाभळीचा एक घनसेंटिमीटर तुकडा सुमारे ०.८ ग्रॅम भरतो, पांगाऱ्याचा ०.३ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या मोळीत बाभळीचे इंधन दुपटीहून अधिक. ओल्या लाकडाची बरीच उष्णता तर त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते.

ही पारख किती जुनी असावी? त्याचा पुरावा चुलीतच राहतो. हवा अपुरी पडली की लाकडाची राख न होता कोळसा होतो आणि पेशींची रचना त्यात टिकून राहते. कोळशाचा तुकडा आडवा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर वाहिन्यांची छिद्रे व त्यांची मांडणी दिसते आणि झाड कोणत्या गटातले ते बहुधा कळते. समजा, एखाद्या ताम्रपाषाणयुगीन थरात निलगिरीचा कोळसा सापडला, तर थर विस्कटला आहे असे समजावे. कारण हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातले.

संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना लागणाऱ्या नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तिथल्या कोळशाचे नमुने पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ पद्धतीने तपासण्यात आले. जिवंत झाड हवेतला कार्बन घेत राहते. ते थांबले की त्यातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ आला तो इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातला.

मात्र इथे एक प्रश्न उभा राहतो. ही तारीख चूल पेटल्याची, की लाकूड वाढल्याची? झाडाच्या गाभ्यातले लाकूड नवा कार्बन घेत नाही. दोनशे वर्षांच्या झाडाचा गाभा चुलीत गेला, तर तारीख दोनशे वर्षे मागे जाऊ शकते. वर्षानुवर्षे वाळत पडलेले लाकूड वेचले असेल, तर आणखी मागे. म्हणून पुराविद बारीक काटक्या आणि जळके धान्य पसंत करतात. त्यांचे आयुष्य थोडे असते. तीन हजार वर्षांपूर्वी कोणी काटकी वेचली की ओंडका, यावर आपल्या कालगणनेची अचूकता अवलंबून राहते.

पण तारीख मिळायला कोळसा आणि वस्तू एकाच न विस्कटलेल्या थरात हव्यात. प्रवरेकाठच्याच दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. वजन साठ किलोंहून अधिक! पण शिल्पे पद्धतशीर उत्खननात सापडलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद राहिले. चुलीतल्या चिमूटभर कोळशाला जे सांगता येते, ते एवढ्या कांस्याला एकट्याने सांगता आले नाही.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. विद्यार्थ्यांना परिसरातून पडलेल्या, वाळलेल्या काटक्या आणायला सांगावे. प्रत्येकीचे वजन करावे, पाण्यात बुडवून आकारमान काढावे आणि घनता मांडावी. शिक्षकांनी धारदार पात्याने आडवा छेद घ्यावा व तो भिंगातून दाखवावा. सागात मोठी छिद्रे वलयांत रांगेने दिसतील, बाभळीत ती सर्वत्र विखुरलेली. मग घरी आजीला त्याच काटक्या दाखवून विचारावे, यातली आधी कोणती जाळशील? तिचा क्रम आणि आपला तक्ता शेजारी ठेवून पाहावा.