डिचोलीची धूळ आणि मोटारीचे आरोग्य

मोटार म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे तिचा रंग, तिची चकाकी आणि तिचा वेग उभा राहतो. तिच्या बॉनेटखाली काय चालले आहे, याची चौकशी ती रस्त्यात बंद पडेपर्यंत आपण करीत नाही. परंतु पेडणे आणि डिचोली या तालुक्यांची बदललेली राहणी समजून घ्यावयाची, तर त्या बॉनेटखाली डोकावणेच इष्ट होय.

१९५५ च्या सुमारास भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. त्याच काळात येथील लोहखनिज बोटी भरभरून जपानला जात होते, आणि त्या पैशावर युरोपातील मोटारी गोव्यात उतरत होत्या. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने वाहने हाकण्याचा नियम केला. गोव्यात मात्र डावी बाजूच कायम राहिली. मर्सिडीजसारखी गाडी येथे टॅक्सी म्हणूनही धावली.

त्या कारखान्याची १९५४ ची '१८० डी' पाहा. इंजिन १,७६७ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस अश्वांची. तिला कार्बुरेटर नाही, स्पार्किंग प्लगही नाही. हवा दाबली की तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा पडला की तो पेटतो. थंड इंजिन सुरू करण्यापूर्वी तापणारे प्लग लाल होईपर्यंत चालकाला थांबावे लागे. अशा यंत्राचे दोन शत्रू: डिझेलमधील पाणी आणि हवेतील धूळ. पावसाळा पहिला शत्रू पुरवी, आणि खाणींची तांबडी माती दुसरा! त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत हवा तेलाच्या भांड्यावरून नेऊन धूळ अडवीत. ते तेल वेळेवर बदलले नाही, तर सिलिंडर झिजलेच म्हणून समजावे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारतातील आयातीचे निर्बंध आता येथेही लागू झाले आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले. पुढे राज्य आले ते अँबॅसडरचे आणि फियाटचे. पहिलीचे इंजिन १,४८९ घन सेंटिमीटरचे, दुसरीचे १,०८९ चे. सांध्यांना ग्रीस देणे, पॉइंट घासणे, व्हॉल्व्हमधील अंतर पातळ पट्टीने मोजणे ही कामे गावचा मेस्त्री झाडाखालीही करी. इंजिनाचा आवाज ऐकून तो रोग सांगे.

आजच्या गाडीचे निदान संगणक करतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज सहा' नियमांमुळे नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळीची गाळणी आली. ही काजळी जळून जाण्यास गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. पेडण्यातील मोप विमानतळावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. तेथून दूर मडगावपर्यंत धावणाऱ्या टॅक्सीची गाळणी सहज साफ होते. डिचोलीच्या बाजारापासून घरापर्यंतच फिरणारी गाडी मात्र तुंबते. तेव्हा नवी गाडी घेताना किंमतीआधी आपला रोजचा रस्ता पाहावा.

परंतु संगणकाची भाषा ज्याला येते त्यालाच दुरुस्ती करता येत असेल, तर गावच्या मेस्त्रीने काय करावे? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, यावरून हा प्रश्न एकट्या गोव्याचा नव्हे हे दिसते. ज्या हातांनी भाग मिळत नसतानाही परदेशी यंत्रे चालती ठेवली, त्यांना ही नवी भाषा शिकणे अशक्य नाही. ती त्यांना शिकविली मात्र पाहिजे. नाही तर गाडी आपली आणि तिची किल्ली दुसऱ्याची, अशी आपली गत होईल.