अठ्ठेचाळीस कुलपं



परवा पूजा आटोपून मंदिराच्या पायरीवर बसले होते. आमच्या गल्लीतली एक सून शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, कर्ज फिटायला भक्तामरातलं कितवं काव्य म्हणायचं?" तिच्या मोबाइलवर कुणीतरी एक तक्ता पाठवला होता. अमुक काव्य डोकेदुखीला, अमुक कोर्टकचेरीला, अमुक धंद्याला. रोज १०८ वेळा, ४८ दिवस. (तिचं नाव सांगणार नाही. लिहू का, असं विचारूनच लिहिते आहे.)

मला तिला हसता आलं नाही. असलाच हिशेब मी स्वतः घातला होता, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, जिन्याखाली पुराचं पाणी असताना.

सांगलीत आमचं दुकान खाली आणि घर वर. कापडाचा धंदा. २००५ च्या पुरात पाणी दुकानात कुठवर आलं, तिथे सासऱ्यांनी भिंतीवर तेलरंगाची रेघ मारून ठेवली होती. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या वर गेली होती. २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सगळा माल त्या रेघेच्या हातभर वर, वरच्या फळ्यांवर रचला आणि निश्चिंत झालो. देवापेक्षा त्या रेघेवर आमचा विश्वास जास्त होता म्हणा ना! त्या वर्षी नदी ५७ फुटांपुढे गेली. लाईट नाही, फोन बंद. बॅटरी मारून जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या एवढंच काम. नऊ वाजता अकरा पायऱ्या कोरड्या होत्या, बाराला आठ.

मी बी. कॉम. झालेली. संकटातसुद्धा आकडे सुटत नाहीत. मनातल्या मनात सौदा करून टाकला, "आदिनाथा, भक्तामराचे ४८ पाठ करते, पण पाणी वरच्या फळीला लागू देऊ नकोस." माझ्या एका पाठाला अर्धा तास लागतो, म्हणजे झाले २४ तास. तेवढा वेळ नदी थोडीच थांबणार होती! सातवा पाठ चालू असताना खालून फळ्या कोसळल्याचा आवाज आला. मी पोथी मिटली आणि रडायला लागले. मालाचं रडू होतंच, पण त्याहून जास्त रडू 'त्यानं माझं ऐकलं नाही' याचं होतं.

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. समईजवळ बसून आपलं पुढचं काव्य म्हणत होत्या. ते पुरं केलं आणि म्हणाल्या, "अगं, तो वीतराग हाय. त्याला काय पाणी अडवायला बसवलाय व्हय? तू म्हण. आणि म्हणून झालं की प्यायच्या पाण्याची भांडी किती भरल्यात ती बघ."

मला त्या वेळी त्यांचा रागच आला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. पूर ओसरला, चिखल काढून झाला, आणि मग मी भक्तामराबद्दल मिळेल ते वाचायला लागले. लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्राबद्दल आपल्याला किती कमी ठाऊक असतं, हे तेव्हा कळलं.

मूळ गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. राजानं आचार्य मानतुंगांना बेड्या घालून कोठडीत टाकलं, एकामागे एक अशी ४८ कुलपं लावली. आचार्यांनी आदिनाथांची स्तुती सुरू केली. एकेक काव्य म्हटलं की एकेक कुलूप गळून पडे. अठ्ठेचाळीसावं काव्य झालं आणि आचार्य बाहेर आले. आमच्या पाठशाळेत भिंतीवर त्याचं चित्रच होतं, दारांची ओळ आणि खाली पडलेली कुलपं.

आता इतिहास काय म्हणतो ते बघा. मानतुंगाचार्य कधी होऊन गेले यावर वेगवेगळी मतं आहेत. बरेच अभ्यासक त्यांना सातव्या शतकाच्या आसपास ठेवतात. तुरुंगाची कथा मात्र ज्या जुन्या ग्रंथांतून येते ते पुष्कळ नंतरचे. प्रभाचंद्रसूरींचं 'प्रभावकचरित' १२७७ च्या सुमाराचं. त्यात राजा आहे हर्ष. त्याच्या दरबारातल्या बाण आणि मयूर या कवींनी आपापल्या देवतांच्या स्तोत्रांनी चमत्कार करून दाखवले, तेव्हा राजानं विचारलं, जैनांमध्ये असा कुणी आहे का? म्हणून मानतुंगांची परीक्षा. पुढे पंचवीस-तीस वर्षांत मेरुतुंगाचार्यांनी 'प्रबंधचिंतामणि' लिहिलं. त्यात तीच माणसं भोजराजाच्या दरबारात आहेत. आपल्या दिगंबर परंपरेतही धारा नगरी आणि भोजराजाच सांगतात. हर्ष सातव्या शतकातला आणि भोज अकराव्या. मध्ये चारशे वर्षं. बाणभट्टानं हर्षाचं चरित्र लिहिलं आहे, तेव्हा तो भोजाकडे कुठून जाणार?

आकडाही एक नाही. श्वेतांबर बंधुभगिनी ४४ काव्यं म्हणतात, त्यांच्या कथेत साखळ्याही ४४. आपण ४८ म्हणतो, आपली कुलपं ४८. फरक आहे तो प्रातिहार्यांचा. अशोकवृक्ष, सिंहासन, चामरं आणि छत्र ही चार दोन्हींकडे आहेत. दुंदुभी, पुष्पवृष्टी, भामंडल आणि दिव्यध्वनी ही काव्यं आपल्याकडे जास्त आहेत. खरी किती, हा वाद विद्वानांचा. मला त्यात पडायचं नाही. मी ४८ वर वाढले आहे, ४८ च म्हणणार. काव्यागणिक गोष्टी, मंत्र, यंत्रं जोडली गेली तीही अशीच मागाहून. १३७० च्या सुमारास गुणाकरसूरींनी टीका लिहिली, तिच्यात अशा प्रभावाच्या गोष्टी आहेत. त्या सुनेच्या मोबाइलवरचा तक्ता म्हणजे त्याच वेलीचं आजचं पान.

हे वाचल्यावर मला आधी वाईट वाटलं. पाठशाळेच्या भिंतीवरचं चित्र कुणी पुसून टाकावं तसं. मग म्हटलं, कथा राहू दे बाजूला, स्तोत्रात काय आहे ते तर बघू. शेचाळिसावं काव्य काढलं. त्यात पायापासून गळ्यापर्यंत साखळदंडांनी जखडलेला माणूस आहे, बेड्यांच्या टोकांनी मांड्या सोलवटलेल्या. मला आपलं वाटतं, तुरुंगाच्या कथेचं बीज याच काव्यात असावं. आणि तो माणूस नामस्मरण केल्यावर कशातून सुटतो? तिथला शब्द नीट वाचा. 'बंधभय'. बंधनाच्या भयातून, आणि तेही 'स्वयं', आपला आपण. कुलूप हा शब्द अख्ख्या स्तोत्रात कुठे नाही.

मग मी वही घेतली, मध्ये रेघ मारली आणि जमाखर्च मांडायला बसले. अडतीस ते शेचाळीस या काव्यांत आठ संकटं आहेत: मत्त हत्ती, सिंह, वणवा, साप, युद्ध, समुद्र, जलोदर आणि बंधन. डाव्या बाजूला लिहिलं, कुठे संकटच टळतं. उजव्या बाजूला, कुठे फक्त भीती जाते.

सिंह हल्ला करत नाही, डावीकडे. वणवा नामस्तुतीच्या पाण्यानं विझतो, डावीकडे. युद्धात विजय मिळतो, जलोदर बरा होतो, तेही डावीकडेच. खोटं कशाला सांगू, आचार्यांनी हेही लिहिलेलं आहे. पण हत्तीच्या काव्यात हत्ती अंगावर येतोच, त्याला पाहून भय वाटत नाही एवढंच. साप तिथेच फणा काढून आहे, माणूस निःशंकपणे ओलांडून जातो. आणि समुद्र! मगरी आहेत, वडवानल आहे, नाव उसळत्या लाटेच्या टोकावर आहे. समुद्र शांत झाला असं आचार्य लिहीत नाहीत. नावेतली माणसं धास्ती टाकून पुढे जातात, असं लिहितात. बंधनाचं वर सांगितलंच. चार डावीकडे, चार उजवीकडे.

ताळेबंद बरोबर जुळला, आता निकाल कसा लावायचा? सत्तेचाळीसावं काव्य वाचलं. त्यात ही आठही संकटं ओळीनं पुन्हा येतात आणि शेवटी पळून कोण जातं? भय. जणू भयालाच भय वाटून ते निघून जातं. म्हणजे आठांची बेरीज आचार्यांनी स्वतःच करून दिली आहे, आणि ती उजवीकडे केली आहे. मी हे स्तोत्र त्या रात्री सहा वेळा पुरं म्हटलं होतं. सहाही वेळा हे काव्य तोंडातून गेलं आणि कानात शिरलं नाही, कारण माझे कान खालच्या फळ्यांकडे लागले होते.

सासूबाईंचं 'वीतराग' तेव्हा उलगडलं. ज्याला राग नाही, द्वेष नाही, तो माझ्या ४८ पाठांनी खूश होऊन पाणी अडवणार कसा? आणि मी पोथी मिटली म्हणून रुसणार तरी कसा? समंतभद्राचार्यांनी स्वयंभूस्तोत्रात, वासुपूज्य भगवंतांच्या स्तुतीत, हे किती स्पष्ट सांगितलंय. भगवंतांना आपल्या पूजेचं काही नाही आणि निंदेचंही काही नाही. त्यांच्या गुणांच्या आठवणीनं मन धुतलं जातं ते आपलं. भक्तामराच्या दहाव्या काव्यातला दाखला तर मला फारच आवडला. आश्रयाला आलेल्याला जो आपल्यासारखाच संपन्न करत नाही, तो मालक काय कामाचा? व्यापारी घरातल्या बाईला हे चटकन कळतं. पगार वाढवून मागणारा नोकर वेगळा आणि भागीदार करून घेणारा मालक वेगळा. मी आयुष्यभर पगारच वाढवून मागत होते.

याचा अर्थ मागणाऱ्या बायकांना मी नावं ठेवते असं नाही. मीही हुमच्याला जाऊन पद्मावती मातेची ओटी भरून आले आहे, एकदा नाही, तीनदा. तीर्थंकर काही देत-घेत नाहीत हे तत्त्वज्ञान खरं, पण घरात आजारी मूल असलं की आईला ऐकणारं कुणीतरी लागतं. आपल्या पूर्वजांनी शासनदेवतांना मंदिरात जागा दिली ती काही उगीच नाही. तत्त्वज्ञान घट्ट धरून माणसं मोकळी रडू शकत नाहीत, हे त्यांना कळत असणार.

पण त्या रात्री आमच्या घरात खरं बळ कुणाकडे होतं, हे मी पाहिलं होतं. सासूबाईंनी काहीच मागितलं नव्हतं. पाठ झाल्यावर त्या उठल्या, प्यायच्या पाण्याची भांडी मोजली, ती चार दिवस पुरवायची असं ठरवलं. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये अडकलेल्या शेजारच्या भाडेकरूंना घरात बोलवायला लावलं, आणि पहाटे सहा माणसांपुरता भात टाकला. आमचे हे भिंतीला टेकून नुसते बसले होते, त्यांच्या हातात त्यांनी लसूण नव्हे (आमच्यात तो नाही), शेंगा दिल्या सोलायला! तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत चढताना माझे पाय लटपटत होते. त्या पदर खोचून, पोथीची पिशवी गळ्यात अडकवून आधी चढल्या. ती पोथी अजून आहे. तिच्या कडेला पाण्याचा तपकिरी डाग आहे.

आता सासूबाई नाहीत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही रेघेकडे बघितलंच नाही. सगळे तागे आधी वरच्या मजल्यावर नेले आणि मग मी पाठाला बसले.

तर ती पायरीवरची सून. तिला मी विचारलं, "कर्ज आहे तरी किती?" म्हणाली, "माहीत नाही." तीन-चार महिन्यांपासून येणारी पाकिटं ती न उघडताच कपाटात साड्यांखाली ठेवत होती. नवऱ्याशी बोलायची भीती, पाकीट उघडायची त्याहून जास्त. मी म्हटलं, "उद्या दुपारी पाकिटं घेऊन ये. आधी आपण दोघी भक्तामर म्हणू, सगळं, तक्त्यातलं एक काव्य नको. मग उघडू."

आली. पाठ झाला. सत्तेचाळीसाव्या काव्याला मी मुद्दाम हळू म्हटलं. मग कात्री आणि माझी जुनी हिशेबाची वही घेतली. एकूण सात पाकिटं निघाली. पाचांतले आकडे आम्ही वहीत उतरवले, कुणाचं किती, व्याज किती, हप्ता कधीचा. उरलेली दोन नुसत्या जाहिरातीची होती. त्यातलं एक तर ती उशाखाली ठेवून झोपत होती.